पाचव्या पिढीची स्प्रिंग

२ फेब्रुवारी
सासऱ्यांनी अखेर पिस्तूल दिलं. परवान्याची बदली वगैरे सगळं रीतसर. सेमी-ऑटोमॅटिक, तिसऱ्या पिढीचं मॉडेल. नेमबाजी क्लबच्या टीममध्ये ते वर्षानुवर्षं याच पिस्तुलानं खेळले. आता त्यांचा हात इतका थरथरतो की कपातला अर्धा चहा बशीत येतो. म्हणून ते माझ्याकडे आलं. धाकट्या जावयाकडे नाही, माझ्याकडे! त्याच क्लबात खेळणाऱ्या साडूकडे याच मॉडेलचं एक सेकंडहँड खटारा पिस्तूल आहे. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.
देताना सासरे म्हणाले, जावईबापू, साफ ठेवा आणि मनगट ढिलं सोडू नका, बाकी ते बघून घेईल. जुनी माणसं. टीव्ही बंद पडला की वरून थापट मारणारी.
संकल्प: जूनच्या इंटर-क्लब मॅचला टीममधली सासऱ्यांची रिकामी जागा मी घेणार. त्यांनी माझ्याकडे बघून एकदा तरी मान डोलवली पाहिजे. लग्नाला पंधरा वर्षं झाली, अजून डोलवलेली नाही. साडूसाठी दोनदा डोलवली. मी मोजतो असं नाही, दिसतं ते.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
शी. पहिल्याच दिवशी, तिसऱ्याच गोळीला जॅम. रिकामी पुंगळी बाहेर उडायची सोडून पिस्तुलाच्या वरच्या खिडकीत उभी अडकली, जीभ काढून दाखवल्यासारखी. काढली. दोन गोळ्या झाल्या. परत जीभ.
रेंज सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे मेजर म्हणतात. सैन्यात कधीच नव्हते, फक्त मिशी आहे. ते म्हणाले, मनगट लुळं पडतंय. पिस्तुलाला मागून आधार मिळाला नाही तर वरचा सरकता भाग, स्लाइड, पूर्ण मागे जात नाही, पुंगळी अडकते. मी म्हणालो, बघतो. बघायचंय काय? मशीन जुनं आहे, झिजलंय. त्याला माझं मनगट काय करणार?

१० फेब्रुवारी
ऑफिस. आमचा तक्रार विभाग म्हणजे वैताग. मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन. आज एक गृहस्थ फोनवर तावातावानं भांडले की मिक्सर चालूच होत नाही. भांडं फिरवून नीट बसवलंच नव्हतं! मी रोज तेच सांगतो, मशीन ठीक आहे साहेब, वापरण्यात चूक आहे. नाचता येईना अंगण वाकडं. किळस येते अशा लोकांची.
जेवणाच्या सुट्टीत नेटवर वाचलं. पाचव्या पिढीच्या पिस्तुलात धक्का झेलणारी रिकॉइल स्प्रिंग दुहेरी असते. तिसऱ्या पिढीत एकेरी. तरीच! ऑर्डर केली.

२३ फेब्रुवारी
स्प्रिंग आली. पाचव्या पिढीची स्प्रिंग तिसऱ्या पिढीत सरळ बसत नाही. अडॅप्टर लागतो. हे कुणी सांगितलं नव्हतं. अडॅप्टर ऑर्डर केला.

२ मार्च
अडॅप्टर आला. बसवला. आधी तिसऱ्या गोळीला जॅम व्हायचं, आता दुसऱ्या गोळीला होतं. म्हणजे फरक पडतोय. दिशा बरोबर आहे.
मेजर परत म्हणाले, मनगट. या माणसाला दुसरा शब्द येत नाही.

११ मार्च
हल्ली कशातच क्वालिटी राहिली नाही. कॉफीच्या बरणीचं झाकण उघडेना. बायकोनं एका हातानं उघडलं, दुसऱ्या हातात फोन होता. मी आधी सैल करून ठेवलं होतं, पण तिला सांगून उपयोग नाही. बाहेर पडलो तर वारा. छत्री हातातून सुटून समोरच्या दुकानाच्या पत्र्यावर. दांडा गुळगुळीत. असं डिझाइन पास कोण करतं?
वाटेत साडू भेटला. हात मिळवला. म्हणाला, दादा, बरं नाही का तुम्हाला? खोचक माणूस.

२० मार्च
एक्स्ट्रॅक्टर बदलला. पुंगळी ओढून बाहेर काढणारा आकडा तो. नवीन पिढीचा, म्हणे सुधारित. जॅम.

५ एप्रिल
ट्रिगर बदलला. मॅगझिन नवीन आणलं. जुनं सगळं सामान कचऱ्याच्या डब्यात टाकलं. बायकोनं एकेक वेचून काढलं आणि बटणांच्या डब्यात ठेवलं. म्हणाली, बाबांच्या हातचं आहे, फेकायचं नाही. मी म्हणालो, भंगारात जीव अडकवू नये. मग ती नाचता येईना एवढंच म्हणाली. पुढचं ऐकायला मी थांबलो नाही, गॅलरीत गेलो.

१९ एप्रिल
आज गोळी चालली की जॅम, गोळी चालली की जॅम. मेजर बाजूच्या लेनवाल्याला काहीतरी म्हणाले. दोघं हसले. घरी येऊन बूट काढले ते फेकलेच. नीट भिरकावता आले नाहीत, पायाजवळच पडले. लेस खराब.

२७ एप्रिल
फार मोठा शोध लागला. नवीन पिढ्याच भिकार आहेत! एका फोरमवर अनुभवी लोकांनी लिहिलंय की तिसरी पिढी म्हणजे सोनं होतं, पुढे कंपनीनं नुसतं पॉलिश केलं. मला हे पहिल्यापासून वाटत होतं. उगाच लोकांच्या नादी लागलो.
सगळे जुने पार्ट परत बसवणार. सासऱ्यांचं मूळ पिस्तूल, जसं होतं तसं. निवड चाचणी दहा मेला. वेळ आहे.

२८ एप्रिल
बटणांच्या डब्यात बटणं आहेत.
बायको म्हणाली, तुम्हीच भंगार म्हणालात, म्हणून धाकटीला दिलं. धाकटी म्हणजे तिची बहीण, साडूची बायको. म्हणजे माझी स्प्रिंग, माझा आकडा, माझा ट्रिगर, सगळं त्या खटाऱ्यात! आयत्या बिळावर नागोबा. चहा घेतला नाही. थोड्या वेळानं घेतला.

२९ एप्रिल
साडूला फोन केला. म्हणाला, दादा, तुमचंच आहे, पण चाचणी झाल्यावर नेलं तर चालेल ना? आता हात बसलाय. हात बसलाय! पार्ट माझे आणि हात याचा बसलाय. ओकारी येते अशा गोडबोल्यांची.

१० मे, दुपार
निवड चाचणी. सासरे स्वतः आले. मागे खुर्ची टाकून बसले.
आधी साडू. एकही जॅम नाही. पुंगळ्या शिस्तीत उडत होत्या. सासऱ्यांनी मान डोलवली. तिसऱ्यांदा.
मग मी. पहिल्या मॅगझिनमध्येच तीन जॅम. शेवटच्या वेळी पुंगळी काढताना बोट कापलं. मेजरनी लाल झेंडी दाखवली आणि माझा वेळ संपला. मी तिथल्या तिथे लेखी तक्रार करणार म्हणालो. समोरच्यानं माझ्याच पार्टनी खेळायचं आणि मी पाचव्या पिढीच्या कचऱ्यानं, याला काय अर्थ आहे! सगळ्या रेंजला ऐकू गेलं.
सासरे उठले. म्हणाले, द्या बघू. मी म्हणालो, बाबा, हे आता तुमचं नाही राहिलं, आत सगळं बदललंय. ते म्हणाले, असू दे.
घेतलं. त्यांचा हात थरथरत होता. गोळ्या भिंतीवर जातील म्हणून मी मागे सरकलो. आणि त्यांचं मनगट असं ताठ झालं की बाकीचा हात थरथरतोय आणि मनगट तेवढं स्थिर. एक, दोन, तीन. पूर्ण मॅगझिन. गोळ्या टार्गेटच्या कडेकडेला गेल्या, त्यांना आता दिसत नाही नीट. पण एकही पुंगळी अडकली नाही.
पाचव्या पिढीची स्प्रिंग, अडॅप्टर, आकडा, सगळं व्यवस्थित चाललं.
मग त्यांनी मॅगझिन भरायला लावलं, पिस्तूल माझ्या हातात दिलं आणि माझं मनगट मागून धरलं. चालवा म्हणाले. चालवलं. सगळ्या गोळ्या गेल्या. त्यांचा हात अजून थरथरत होता, त्याच्यात माझा. मी मान वर केली नाही. पंधरा वर्षं ज्या नजरेची वाट बघितली ती शेजारीच होती, पण बघवेना.
ते हळूच म्हणाले, फेब्रुवारीतच सांगितलं होतं ना. रागावले असते तर बरं झालं असतं.

११ मे
दिवसभर पडून होतो. आजपर्यंत पुष्कळांची किळस आली. आज आली ती वेगळ्याच माणसाची आली. नाव लिहीत नाही, वही त्याचीच आहे.
बायकोनं रबरी बॉल आणून दिला, रोज दाबायला. बाबांनी पाठवलाय म्हणाली. दोनदा दाबला, तिसऱ्यांदा निसटून कपाटाखाली गेला. बॉल फार निसरडा आहे, असं लिहिणार होतो.

१२ मे
टीममध्ये साडू. पार्ट त्यालाच ठेवायला सांगितले. तो म्हणाला, दादा, मॅचला या हं बघायला. खोचकपणा शोधला, सापडला नाही.
ऑफिसात एका बाईंचा फोन आला. मिक्सरचं झाकण उडतं, चटणी भिंतीभर होते. आमचा माणूस दोनदा जाऊन आला, त्याचा शेरा तयार होता: मशीन ठीक, ग्राहक झाकण दाबून धरत नाही. बाई म्हणाल्या, घरातले सगळे मलाच हसतात हो. आवाज रडवेला झाला होता.
वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. रोजचंच. नाही निघालं. म्हणालो, तुमचं बरोबर आहे बाई, मशीनच खराब आहे, नवीन पाठवतो.
त्या किती वेळ आभार मानत होत्या. फोन ठेवायला गेलो तर रिसीव्हर हातातून सुटला आणि टेबलावर आपटला. उचलून जागेवर ठेवला.
रिसीव्हरबद्दल तक्रार नाही.