केळफुलाचा अर्क आणि मायची बोटं

१४ जानेवारी

माझा फोटो पेपरात! पान तीन. 'केळफुलाने सांधेदुखी पळणार – शिंदखेड्याच्या लेकीचं संशोधन.' असं मी कुठे म्हणाले? ताटलीत वाढवलेल्या पेशींना सूज आणणारं द्रव्य दिलं, वरून केळफुलाचा अर्क घातला, सुजेचा आकडा निम्म्याखाली आला. एवढंच सांगितलं होतं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "लोकांना इतकं बारीक लागत नाही, दीपमाला. खूश राहा."

राहिले. दिवसभर.

२ फेब्रुवारी

ताटलीत घालतो तेवढा अर्क माणसाच्या रक्तात यायचा तर रोज किती भाजी खावी लागेल? मांडून बघितलं. अकरा किलो! तेही पोटाने आणि यकृताने त्याचे तुकडे केले नाहीत तर. आणि ते करतातच.

सर : "मर्यादा निबंधाच्या शेवटच्या पानावर. दोन ओळी."

१७ मार्च

सकाळी युवराजभाऊचा फोन – मायला कप धरता येत नाहीये. मिळेल त्या बसने शिंदखेडा गाठलं. मनगटं सुजलेली, बोटं वाकडी. सांधेवाताची दर सोमवारी घ्यायची गोळी कुठे आहे, विचारलं. भाऊ म्हणाला, जानेवारीपासून बंद आहे. रोज केळफुलाची भाजी आणि सकाळी त्याचं उकळलेलं पाणी. रावेरकडून येणाऱ्या केळीच्या ट्रकवाल्याकडून मागवते.

ओरडले मी तिच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा. "गोळी बंद करायला कुणी सांगितलं तुला?"

"पेपरमा तुनाच फोटू व्हता ना? मन्ही पोर खोटं बोली का?"



१९ मार्च

मायला घेऊन धुळ्याला डॉक्टरांकडे. गोळी पुन्हा सुरू. सूज उतरेल, पण उजव्या हाताची दोन बोटं आता सरळ होणार नाहीत. मायने त्यांना तीनदा विचारलं, "कळण्याची भाकर थापता यी ना?" तिसऱ्यांदा डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही यातलंच शिकता ना?"

माय आता माझ्या खोलीवरच. भरवते तिला. तिला लाज वाटते, मलाही.

२१ मार्च

सरांना म्हटलं, पेपरात खुलासा देऊ. "निबंध छापून आलाय. पुढच्या वर्षी तुझी पीएचडी. घरच्या गोष्टी इथे आणू नकोस." मीच लिहून पाठवला खुलासा.

२४ मार्च

छापला नाही. प्रयोगशाळेत गेले नाही.

२६ मार्च

आजही नाही. काय करायचं तिथे जाऊन?

३० मार्च

माय म्हणाली, तू करस तरी काय तठे? सांगितलं – जिवंत पेशी म्हणजे डोळ्याला न दिसणारे बारीक जीव, त्यांना आधी आजारी पाडायचं, मग औषध द्यायचं. तिने नीट ऐकलं. मग विचारलं, "मंग पुढे त्या बऱ्या व्हयन्यात का?"

हसू आलं. मग थांबलं. आम्ही पुढे बघतच नाही! आकडा घेतो, ताटली टाकून देतो. पेशी जिवंत होत्या की नाही यासाठी एकच चाचणी – त्यांच्यावर पिवळा रंग घालायचा, जिवंत असल्या तर त्या त्याचा जांभळा करतात. दरवेळी जांभळा आला होता. प्रत्यक्ष कुणी बघितलं होतं? मी नाही.

४ एप्रिल

तीन दिवस पेशी वाढवल्या. आज शेजारच्या टेबलावरच्या सदफला सोबतीला बसवलं. आधी ताटलीच्या एका रिकाम्या खळग्यात, एकही पेशी न घालता, नुसता अर्क आणि पिवळा रंग. तासाभरात जांभळा! अर्कच रंग बदलत होता. दोन वर्षं!

मग अर्क दिलेली ताटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मला बघवेना. सदफने बघितलं, बराच वेळ. मग हळूच म्हणाली, "दीपा, यात जिवंत कुणीच नाहीये गं."

सूज उतरलीच नव्हती. सुजायला कुणी उरलं नव्हतं.