जाळीचा ताबा

मी, डॉ. एर्सिलिया सुबेल्दिया, वय एकोणऐंशी, भौतिकशास्त्रज्ञ, सरकारी संरक्षण संशोधन संस्थेची निवृत्त महासंचालक, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. पुढच्या आठवड्यात हृदयाची झडप बदलणार आहेत. डोक्याला कोणी हात लावणार नाही. सकाळपासून मला हसू आवरत नाहीये, तो माझ्याविरुद्ध पुरावा धरू नये.

कलम १. घर, बाग आणि आळशी मांजर भाची रोमिनाला. मांजराला बागेतून हाकलू नये.

कलम २. बँकेतली शिल्लक संस्थेच्या पाळणाघराला. ते मंजूर करून घ्यायला मला क्षेपणास्त्रापेक्षा जास्त वर्षं लागली. मंत्री म्हणाले, "बाई, संरक्षण खात्यात बाळं कुठून आली?" मी म्हटलं, "साहेब, तुम्ही कुठून आलात?" सही झाली.

कलम ३. माझी पदकं संस्थेतले जुने सहकारी कर्नल एवारिस्तो यांना. त्यांना आवडतात, मला टोचतात.

कलम ४. हे खरं मृत्युपत्र, बाकी तोंडीलावणं. प्रत्येक यशस्वी चाचणीनंतर संस्थेत आसादो होतो, म्हणजे अंगणात मांस भाजून मेजवानी. निखारे, जाळी, बरगड्या आणि शेवटी भाजणाऱ्यासाठी टाळ्या. रॉकेटचं इंधन मी बनवलं, पण जाळीला कधी हात लावू दिला नाही मेल्यांनी! भाजायचं पुरुषांनीच. मी महासंचालक झाले त्या दिवशीसुद्धा एवारिस्तो म्हणाले, "डॉक्टरबाई, तुम्ही आपली कोशिंबीर करा. टोमॅटो काय छान चिरता!" आणि हेच ते गृहस्थ, ज्यांनी ओली लाकडं पेटेनात म्हणून माझ्या इंधनाचा तुकडा आत टाकला होता. जाळी छपरावर, मिशी गायब! तरी पुढच्या आसादोला चिमटा त्यांच्याच हातात, टाळ्याही त्यांनाच. माझा अजून जळफळाट होतो.

सबब, मी गेल्यावरच्या आसादोत रोमिना भाजेल, एवारिस्तो कोशिंबीर करतील आणि सर्वांनी उभं राहून टाळ्या वाजवाव्यात. त्या माझ्या समजाव्यात. मला त्या एकदा ऐकायच्या होत्या हो.

आल्ता ग्रासिया, कोर्दोबा प्रांत. गुरुवार, १५ सप्टेंबर २०११.
सही: एर्सिलिया सुबेल्दिया

साक्षीदार: नोटरी सेल्वा ओचोआ.
साक्षीदार: कर्नल एवारिस्तो माचुका (निवृत्त). साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, म्हणून पदकं सोडली. कलम चार मात्र मान्य नाही. मेल्यावर कशाला? रविवारी या. टोमॅटो मी चिरतो.

पुरवणी, सोमवार, १९ सप्टेंबर.

कलम ४ रद्द. काल मी भाजलं. बरगड्या एका बाजूनं पार कोळसा. सगळे नेटानं चावत होते आणि माझी छाती अशी धडधडत होती, जशी कुठल्याच चाचणीच्या वेळी धडधडली नव्हती. मग एवारिस्तो टोमॅटोचे हात तसेच घेऊन उभे राहिले आणि त्यांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. मी रडले, सरळ हमसून रडले.

शस्त्रक्रिया करणाऱ्यांस विनंती: झडप नीट बसवा. नाताळातही जाळी माझ्याकडेच आहे.

सही: एर्सिलिया सुबेल्दिया
साक्षीदार: तेच दोघे. एकाचं बोट कापलेलं.