चौदा नंबरची भिंत

सॅलफर्ड, १२ मार्च १९७१

सौ. म्युरिएल हिस,

तुम्ही नवराबायको नव्या वसाहतीत सातव्या मजल्यावर गेलात आणि नगरपालिकेने आपली घरांची रांग तुमच्या चौदा नंबरपर्यंत पाडली. माझं सोळा नंबर तूर्त उभं आहे. दोन्ही घरांची सामाईक भिंत माझ्या वाट्याला आली, त्यामुळे तुझ्या माडीवरची भिंतीतली शेकोटी आता माझ्या घराच्या बाहेरून अधांतरी लोंबते आहे.

सेहेचाळीस साली तू मला सोडलंस, घर मात्र सोडलं नाहीस. आपल्या लग्नासाठी भाड्याने घेतलेल्या त्याच घरात सिरिलशी संसार थाटलास. तुझंही बरोबर होतं. युद्धानंतर नवरे मिळत होते, घरं दुर्लभ होती. मी शेजारी आईकडे पंचवीस वर्षं खोकला दाबून राहिलो.

यंदाच्या पावसाने तुझ्या शयनगृहाचे वॉलपेपर एकेक करून सोलले. आधी सिरिलचे तपकिरी पट्टे गेले, मग निळी जहाजं. काल सर्वांत खालचा दिसला. आपण दोघांनी चिकटवलेली पिवळी रानफुलं, मी उलट्या लावलेल्या त्या एका पट्टीसकट. मला वाटे, तू ती पहिल्याच आठवड्यात खरवडली असशील.

आज डग गवंडी आला. म्हणाला, "मास्तर, कागद खरवडावा लागेल. नाहीतर गिलावा दोन हिवाळे टिकायचा नाही."

"घर तरी कुठे टिकणार आहे? वरूनच लिंप."

"शिकलेल्या माणसांना भिंतीतलं काही कळत नाही," तो म्हणाला.

खरं आहे. तूही वरूनच लिंपलं होतंस, आणि मला पलीकडे राहून कळलं नाही.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. सिरिलला वाचता येतं.

तुझा शेजारी,
नॉर्मन