छातीच्या फोटोतला डाग

शनिशिंगणापूर,
रविवार

रंगनाथभाऊ, तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे गहिनीनाथचा, भिंगारला रामराम पोचावा. तुमचा गुडघा कसा आहे, वहिनींची साखर उतरली का, ते कळवा. इकडची खुशाली लिहायला घेतली खरी, पण लिहावी अशी खुशालीच नाही. फोन केला असता, पण कान गेल्यापासून मी फोनवर ओरडून बोलतो, आणि आमच्या गावात घरांना दारं नसल्यानं निम्मी गल्ली ऐकते. म्हणून कागद घेतला. चौथीपर्यंतची शाळा आहे, सांभाळून वाचा.

तर माझा खोकला जुनाच. तुमच्या बहिणीला, बनूलाही आषाढापासून खोकला होता, पण तिच्या खोकल्याकडं कोणी बघत नाही, ती स्वतःही नाही. मला नगरच्या दवाखान्यात दाखवायचं ठरलं तेव्हा ती आली ती माझी पिशवी धरायला. डॉक्टरांनी दोघांचंही खोकणं ऐकून दोघांचेही छातीचे फोटो काढले. (ती नको म्हणत होती. तिला वाटलं फोटो म्हणजे हसून उभं राहायचं.) फोटो देताना ते काहीतरी बोलले, त्यातलं मला एवढंच ऐकू आलं की एकात डाग आहे, परवा येऊन भेटा. फोटोवरचं नाव इंग्रजीत. पण जन्मभर बिडी कोणी ओढली? मी. मग डाग दुसऱ्या कोणाचा असणार? घरी येऊन मी तसं सांगून टाकलं आणि बिडीचा कट्टा मोरीत फेकला.

भाऊ, खोटं कशाला लिहू, ते दोन दिवस माझी बडदास्त फार झाली. सकाळी शिरा, रात्री हळद घातलेलं दूध. मी खाटेवर पडून शेळ्या कोणाला द्यायच्या तेही सांगून ठेवलं. शेजारचा भिमाजी समाचाराला आला आणि दुःख आवरेना म्हणून माझ्याच उशाशी त्यानं बिडी शिलगावली. बनूनं केरसुणी उचलली. "भिमाजी, तुला रडायचं आसंल तर बाहेर जाऊन रड, पन त्ये इझव!" तो चहा न घेताच गेला.

काल मी एकटाच पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. ते माझ्या कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाले, बाबा, तुमची छाती बिडीनं खराब झालीय, पण डाग आजींच्या फोटोत आहे. मी म्हणालो फोटो बदलले असतील. त्यांनी नावं वाचून दाखवली. मी म्हणालो तिनं उभ्या जन्मात बिडीला हात लावला नाही. तर ते म्हणाले, घरात ओढत होतात का? मी म्हणालो, हो, पण आमच्या घराला दारच नाही, नुसती चौकट आहे, धूर कोंडणार कुठं? (डॉक्टर परमुलखातले असावेत. त्यांना वाटलं, आम्हाला दार घ्यायची ऐपत नाही. घरकुलासाठी अर्ज केलाय का म्हणून विचारू लागले.) मी गावची रीत समजावून सांगितली, म्हणालो, साहेब, आमच्याइतकं मोकळं घर तुम्हाला जिल्ह्यात मिळायचं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, धूर बाहेर जायच्या आधी कोणावरून जायचा?

भाऊ, मी खाटेवर बसायचो. बनू उजेडासाठी चौकटीत बसून धान्य निवडायची.

कॅन्सरच आहे असं ते अजून म्हणत नाहीत. मोठा फोटो काढायचा, आतला तुकडा तपासायचा, मग कळेल. चुलीच्या धुरानंही होतं म्हणाले (ते माझं तोंड बघून म्हणाले असावेत). पण उशीर करू नका, गुरुवारी घेऊनच या, हे दोनदा बजावलं. मी घरी आलो तर बनूनं माझ्यासाठी शनिवार धरलेला. ती उपाशी आणि मी शिरा खातोय. सांगायला तोंड उघडतो आणि खोकलाच येतो. बाकी पाऊस बरा आहे. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
गहिनीनाथ

ता. क. खरं काम पुढं आहे. स्वतःसाठी बनू दवाखान्याची पायरी चढायची नाही. तेव्हा तुम्ही बुधवारी मुक्कामाला या आणि थोडं खोका. मला तपासायला ने म्हणा. भावासाठी ती लगेच निघेल. तिथं गेल्यावर डॉक्टर बघतील.

आणखी एक. वरचं खोकायचं राहू द्या. कागद घडी करत होतो तेवढ्यात बनू चहा घेऊन आली आणि म्हणाली, "दादाला म्हनावं गुरुवारी थेट दवाखान्यातच ये. मी हाय, ह्ये हायेत, पन ह्यांना ऐकू येत न्हाई." मी लिहिता लिहिता मोठ्यानं बोलत होतो, ते तिनं सगळं ऐकलं होतं. फोटोवरचं नाव सूनबाईनं, रेश्मानं, पहिल्याच दिवशी वाचलं होतं. दोघींनी मला सांगितलं नाही. का नाही सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तुमचा डाग म्हनून तुमी बिडी फेकली. माजा म्हनून फेकली आसती का?"

भाऊ, घडी उघडून हे लिहीपर्यंत चहा गार झाला. तुम्ही गुरुवारी लवकर या.