दुखत होती का, विचारतेस

दांडी,
डिसेंबर १९६६

प्रिय शकू,

तुझं पत्र पोचलं. दातिवऱ्याला सगळं क्षेम आहे, बोंबील चांगले वाळले, वगैरे वाचलं. त्यातलं बोंबलांचं तेवढं खरं मानते. लागोपाठ तीन पत्रांत तू माझी तब्येत विचारली नाहीस, विचारलीस ती माझ्या छातीतली गाठ. दुखत होती का, कातडी आत ओढली होती का. बऱ्या झालेल्या बहिणीला असं कोण विचारतं?

विचारतेस तर ऐक. दुखत नव्हती. दगडासारखी टणक, वरची कातडी आत खेचलेली. मुंबईच्या डॉक्टरांनी बोट लावलं आणि त्यांचा चेहराच उतरला. मार लागला होता का, म्हणाले. सासरे शेजारी उभे. पूजेआधी बाईमाणसाने नव्या होडीवर पाय ठेवायचा नाही, हा त्यांचा नेम. मी चढले, घसरले, छाती काठावर आपटली, हे तुला ठाऊकच. हळद तूच लावलीस. पुढे त्या साली मासळीने दगा दिला. खापर माझ्याच डोक्यावर फुटलं असतं, म्हणून मीच डॉक्टरांना नाही म्हणाले.

मार नाही म्हटल्यावर डॉक्टरांना कॅन्सरचाच संशय. स्तन काढावा लागेल म्हणाले, पण आधी तुकडा तपासू. तुकड्यात कॅन्सर निघाला नाही. माराने आतली चरबी मेली होती, तिचीच गाठ. घरचे सगळे हसायला लागले तरी मला वाटे, हे मिळून मला फसवताहेत. ह्यांना शपथ घातली. म्हणाले, "खोटं कशाला बोलू? काय नाय तुला." गाठ काढून वर्ष सरलं तेव्हा कुठे मला पटलं.

परवा तुझी नणंद चिमी बाजारात भेटली. म्हणाली, वहिनी हल्ली लेकीला डाव्या कुशीला घेत नाही, आणि येता-जाता सांगते, आमच्या हंसाताईच्या गाठीत तरी काय निघालं? तेव्हा कळलं, पत्रातून माझी गाठ तू कशाला चाचपत होतीस. शकू, माझ्या गाठीत काही निघालं नाही म्हणून तुझ्या गाठीतही निघणार नाही, हे तुला कोणी सांगितलं? तुला तर मारही लागलेला नाही. माराची काय नि कॅन्सरची काय, हाताला दोन्ही गाठी सारख्याच लागतात, तुकडा तपासल्याशिवाय डॉक्टरांनाही कळत नाही. मला भीती वाटते, फार वाटते. सोमवारी पहिल्या एस.टी.ने येते. तुझ्या सासूला काय सांगायचं ते मी बघते. माझ्यावर हवं तेवढं रागाव, पण पातळ बदलून तयार राहा. तिथून थेट मुंबईला जायचं आहे.

तुझीच,
हंसाताई