गोळी माझ्या हातची

अक्का,

तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशी रोज बोलते. आज मात्र कागदच घेतला, कारण आज द्राक्षबागेत तुमच्या शोभानं माझ्यापुढं हात पसरला. यंदा लेक सासरहून आपल्याच टोळीत विरळणीला येतेय. "काकी, गोळी हाय का एखादी? खांदं लय भरून आल्यात." मी न्हाई म्हटलं, तर हसली. "आईला तर रोज देत हुतीस की!"

मी माझा चहाचा कप उचलून बाजूला झाले.

आठवतंय ना? बागेत शिरायच्या आधी चहा, आणि चहाबरोबर दुखण्याची गोळी. मग दिवसभर मान वर, हात वर, विरळणीत घडातले जादा मणी कात्रीनं कापत राहायचं. पलूसच्या बाजाराला मी जायची, म्हणून गोळ्या माझ्याकडं. दुकानदार कधी डॉक्टरची चिठ्ठी मागत नसे. "सुमन हाय म्हणून हात चालत्यात," असं बायका म्हणायच्या आणि मला केवढं मोठं झाल्यासारखं वाटायचं! तुम्हाला तर मी न मागता दोन द्यायची. माझ्या थोरल्या जाऊ ना तुम्ही!

पण अक्का, तुम्हीही काही कमी नव्हता. सकाळी चहा-बटर, दुपारी शिळी भाकरी आणि खर्डा, त्यावर आणखी मीठ. संध्याकाळी सगळ्यांना वाढून खरवडून उरेल ते. डाळ-भाजी पुढं केली की, "पोरास्नी राहू दे." आणि पाणी तर प्यायचंच नाही! मी तांब्या दिला की म्हणायचात, "आन् मग जायाचं कुठं गं? चहूकडं गडी हायत." खरंच, कुठं जायचं होतं? त्या बागेत फवारणीच्या औषधाच्या टाकीला छप्पर होतं, आपल्याला आडोसा नव्हता.

पाय सुजले तेव्हा आपण म्हटलं, उभं राहून सुजले. तोंड सुजलं तेव्हा झोप जास्त झाली म्हणून मी तुम्हाला चिडवलंसुद्धा. तुम्हाला जास्त झोप कधी मिळाली होती हो?

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, कुठली गोळी, किती वर्षं. मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. मग म्हणाल्या, ही गोळी दुखणं दाबते, पण मूत्रपिंडाकडं जाणारं रक्तही कमी करते. त्यात अंगात पाणी नाही, पोटात धड अन्न नाही, मिठानं रक्तदाब चढलेला. रक्तातली घाण गाळायचं कामच बंद पडत आलंय. युरिया, क्रिएटिनिन सगळं आत साचतंय, म्हणून मळमळतं, घास उतरत नाही, धाप लागते. मी वेड्यासारखं विचारलं, ठिबकचा फिल्टर तुंबला की आम्ही धुतो, तसं काही करता येईल का? त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

बाहेर येऊन तुम्हाला काय सांगितलं मी? "अंगात उष्णता झालीया म्हणत्यात." उष्णता! घरी भावोजींनी नशिबाला बोल लावला, तर त्यालाही हो म्हटलं.

मग आठवड्यातून दोनदा एसटीनं डायलिसिसला. येताना माझ्या खांद्यावर मान टाकून तुम्ही पडून असायचात. तहान तहान करायचात, आणि आता अंगात साठतं म्हणून पाणी मोजून! एकदा म्हणालात, "सुमे, भरलेली कळशी समोर हुती तवा प्याले न्हाई गं." मी खिडकीबाहेर बघत बसले. तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही चिडला असतात, शिव्या घातल्या असत्यात तर बरं झालं असतं. उलट मलाच म्हणालात, "तू हाईस म्हणून निभावतंय." हे का बोललात अक्का? फार जड जातं ते.

दमलेय मी. कामानं नाही, या गप्प बसण्यानं.

आज मी दिली नाही म्हणून शोभानं दुसरीकडून गोळी घेतली. चहाच्या घोटाबरोबर गिळली आणि कात्री उचलून चालू लागली, अगदी तुमच्यासारखी. तेव्हा कळलं, नुसतं नाही म्हणून भागणार नाही. का नाही ते सांगावं लागेल, आणि ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल.

उद्या दुपारी भाकरी सोडताना सगळ्या बायकांसमोर सांगणार आहे. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते, आणि मी काय लपवलं तेही. शोभा कदाचित पुन्हा माझं तोंड बघणार नाही. न बघू दे. पण ती पाणी पिईल, पोटभर जेवेल, दुखलं तर दवाखान्यात जाईल. तेवढ्यासाठी तिचा राग मी जन्मभर सोसेन, हा माझा शब्द.

माफ करा असं लिहिणार होते. पण तुम्ही केलंच असतं, आणि तेच मला नको आहे.

तुमची धाकटी,
सुमन