आवाजाची रजा

॥ श्री ॥

मंठा,
१२ जानेवारी १९९९

ती. दादांना,
कौसल्याचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. तुरीची काढणी आटोपली आणि वहिनींचे गुडघे आता बरे आहेत, हे वाचून बरं वाटलं. मीही ठीक आहे. घसा थोडा बसलाय, थंडीचं आहे.

कॉलेजात मात्र उलथापालथ झाली. आपले संस्थाचालक नवलकिशोर शेठ यांनी दोन संगणक आणले. संगणकाला धूळ चालत नाही असं त्यांना दुकानदारानं सांगितलं. म्हणून एका खोलीच्या खिडक्यांना काचा बसवल्या, खाली सतरंजी अंथरली, दाराच्या फटी बुजवल्या. सबंध कॉलेजात बिनधुळीची अशी ती एकच खोली. मग प्राचार्यांच्या लक्षात आलं की तानपुऱ्यालाही धूळ चालत नाही, आणि संगीत विभाग तिथं गेला. अर्थशास्त्राच्या खोलीचे पत्रे मागच्या वादळात उडाले ते अजून सापडलेले नाहीत, म्हणून अर्थशास्त्रही तिथंच आलं. आता दारावर पाटी आहे: 'अर्थशास्त्र, संगीत व संगणक विभाग'. चपला बाहेर काढाव्या लागतात. गावातले काही लोक आत डोकावून नमस्कार करून जातात.

विभागप्रमुख धर्मराज सर, कारण ते सगळ्यांत जुने. ते एका कोपऱ्यात महागाई शिकवतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात माझ्या पोरी भूप गातात. संगणकाची बेबीनंदा यंदाच लागली आहे, वयानं माझ्या विद्यार्थिनींएवढी. तबल्यानं यंत्राचा पडदा थरथरतो, अशी तिची लेखी तक्रार आहे. धर्मराज सरांनी ती वाचली आणि विचाराधीन ठेवली.

मार्च महिन्यात विद्यापीठाची समिती येणार आहे. संगीत हा विषय पुढं ठेवायचा की बंद करायचा, ते ती ठरवणार. पोरी कमी आहेत हे खरं. शेठ म्हणतात, कौसल्याबाईंनी एक राग गावा, काम फत्ते.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच असू द्यावी.

तुमची,
कौसल्या

---

राजूर,
६ फेब्रुवारी

चि. कौसल्याला रामरावचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडं सगळं बराबर आहे. परवा चतुर्थीला तुमचे धर्मराज सर घरच्यांना घेऊन गणपतीला आल्ते. दर्शनाची रांग सोडून आधी आपल्या घरी आले, तवाच मला शंका आली. चहा घेता घेता म्हणाले, मॅडमचा आवाज दिवाळीपासून बसलाय. जालन्याच्या डॉक्टरनं घशात आरसा घालून पाह्यलं, गाठ निघाली, औरंगाबादला जाऊन काढून घ्या म्हणाला. त्याला महिना झाला. सरांना वाटलं मला सगळं माहीत आहे. मीबी माहीत असल्यासारखं तोंड केलं आणि त्यांना अजून एक बिस्कीट दिलं.

थंडीचं आहे असं तू लिव्हलंस. दिवाळीत थंडी न्हवती. मी तवा बनियनवर हिंडून राह्यलो होतो.

तुझी वहिनी तुझ्यासाठी हळद दळून ठेवून राह्यली होती. आता म्हणती, खोटं बोलणाऱ्या घशाला हळद लागत न्हाई. पण पाठवती आहे.

डॉक्टर काय म्हणाला, ते बिलकुल जसंच्या तसं लिही. मधलं काही गाळू नको.

घरातल्या सगळ्यांचा तुझ्यावर जीव आहे, हे ध्यानात ठेव.

रामराव

---

॥ श्री ॥

मंठा,
११ फेब्रुवारी

ती. दादांना,
सा. न. वि. वि.

धर्मराज सरांवर मी रागावणार होते. पण मोठ्यानं रागावता येत नाही आणि हळू रागावलेलं त्यांना ऐकू जात नाही.

डॉक्टर म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. स्वरतंतूवर गाठ आहे. कॅन्सरची नाही, ते तपासून झालं. पण काढावी लागेल. काढल्यावर सात-आठ आठवडे तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंही नाही. त्यानंतर आवाज येईल. कसला येईल, असं मी विचारलं. ते म्हणाले, बोलण्यापुरता नक्की येईल. गाण्याचं विचारलं तर त्यांनी आरसा पुसून डबीत ठेवला.

हेही सांगितलं की तोवर गळा सोडून गायचं नाही. गाठीतून रक्त आलं तर पुढचं त्यांच्या हातात नाही.

मी असं ठरवलंय की समिती येऊन जाऊ द्यावी. अर्धा तास गाईन आणि दुसऱ्या दिवशी औरंगाबादला जाईन. दादा, यात हट्ट नाही. विषय बंद झाला तर मला कॉलेजात कुठंतरी बसवतील, बहुतेक ग्रंथालयात. पण या पोरींना मंठ्यात गायला दुसरी जागा नाही. घरी गायल्या तर शेजारी येऊन विचारतात, काय झालं म्हणून.

आणि दुसरं असं की मला गाण्याशिवाय काही येत नाही. आधी गाठ काढली आणि मागाहून काहीच उरलं नाही, तर निदान शेवटचं नीट गायलेलं असावं, असं वाटतं. हे वहिनींना वाचून दाखवू नका.

तुमच्या मायेला पारखी होऊ नये, एवढंच.

कौसल्या

---

राजूर,
१६ फेब्रुवारी

चि. कौसल्याला आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. ती रडली आणि मंग तुझी बॅग कुठली, ते विचारून राह्यली.

समिती येईल, जेवेल आणि निघून जाईल. गळा तुझ्यापाशी राह्यचा आहे. शेवटचं नीट गायलेलं असावं म्हणतीस. कोणापुढं? ज्यांना तू ओळखत न्हाईस, जे तुला ओळखत न्हाईत, ज्यांना दुपारच्या गाडीनं परत जायचं आहे, त्यांच्यापुढं? मला गाण्यातलं कळत न्हाई. पण माणूस शेवटचं काही करतो, ते आपल्या माणसापुढं करतो.

पोरींचं म्हणशील तर त्यांना तू इतके दिवस काय शिकवलंस? गायला शिकवलंस ना? मंग गातील त्या.

लहानपणी आई तुला गप बस, गप बस म्हणून थकली, तू बसली न्हाईस. आता डॉक्टर सांगून राह्यला, त्याचं तरी ऐक.

मी आणि तुझी वहिनी सोमवारी सकाळी येऊन राह्यलो. तिथून तिघं जल्दी औरंगाबादला निघू. खर्च्याचा शब्द काढायचा न्हाई. आठ दिवसांनी तुला शब्द काढायचीच बंदी आहे, तर आधीपासून सवय कर.

रागावून लिव्हलं, पण माया करूनच लिव्हलं.

रामराव

---

॥ श्री ॥

मंठा,
२१ मार्च

ती. दादांना आणि सौ. वहिनींना सा. न. वि. वि.

वहिनी राजूरला सुखरूप पोचल्याचं कळलं. माझ्याजवळ राहिल्या तितके दिवस एकट्याच बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या की आपलं इतकं पटतं, हे आधी माहीत नव्हतं.

गळा दुखत नाही. अजून बंदी आहे. बोलता येत नसल्यानं पत्र लांबेल, चालवून घ्यावं.

परवा समिती आली. तिघे होते. धर्मराज सरांनी बेत असा केला होता की मला काही विचारलं तर मी कागदावर उत्तर लिहावं. बेबीनंदा म्हणाली, कागद कशाला, मी संगणकावर मराठी उमटवते. ती मला कळफलकाशी बसवणार होती, पण मला एक एक अक्षर शोधावं लागतं. म्हणून मी पाटीवर लिहायचं आणि तिनं ते यंत्रावर उमटवायचं, असं ठरलं. यात कागदापेक्षा सोय काय झाली, ते कोणी विचारलं नाही.

पोरी आधी गायल्या. मी समोर बसून फक्त हातावर ताल धरला. दादा, त्या चांगल्या गायल्या. एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. कशाचं प्रमाण जास्त होतं, ते धर्मराज सरांच्या विषयात येतं, माझ्या नाही.

मग समितीतल्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला विचारलं की मॅडम, तुम्ही स्वतः का गायला नाहीत. मी पाटीवर लिहिलं, बेबीनंदानं उमटवायला घेतलं. पडद्यावर अक्षरं आली, 'मला गाण्याची मनाई आहे, कारण' आणि लाईट गेली. खोलीत अंधार, कारण काचांना पडदे. तेवढ्यात धर्मराज सर महागाई शिकवतात त्याच आवाजात म्हणाले की कारण विद्यार्थ्यांनी स्वतःच्या पायावर उभं राहून गावं, असं आमच्या विभागाचं धोरण आहे. शिक्षकानं गप्प बसून शिकवायचं, उत्तरं यंत्रानं द्यायची आणि साधनं तिन्ही विषयांनी वाटून वापरायची. सरांनी पुढं साधनसामग्रीच्या टंचाईवर बरंच सांगितलं. लाईट येईपर्यंत समितीला उठून जाता आलं नाही.

ते गृहस्थ जाताना म्हणाले, असा प्रयोग त्यांनी मराठवाड्यात दुसरीकडं पाहिलेला नाही. संगीत विषय चालू राहणार आहे. शेठनी पेढे वाटले. प्राचार्य आता हा प्रयोग नेमका काय आहे, ते सरांना विचारत आहेत. सर म्हणतात, विचाराधीन आहे.

तुम्ही मला ओढून नेलं नसतं तर मी गायले असते.

तुमच्या लोभावरच चाललंय.

कौसल्या

---

राजूर,
२९ मार्च

चि. कौसल्याला आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी वहिनी इतकी हसली की शेजारच्या चतुराबाई बघायला आल्या. त्यांनाबी वाचून दाखवावं लागलं.

पोरी तुझ्याबिगर गायल्या, याचं मनाला लावून घेऊ नको. मी आजारी होतो तवा माझ्याबिगर कापूस फुटला. मला थोडा राग आल्ता. पण वेचला.

बंदी संपेपर्यंत गप राह्य. घरातून हाच निरोप आहे, आणि मायाबी.

रामराव

---

॥ श्री ॥

मंठा,
२० एप्रिल

ती. दादांना,
सा. न. वि. वि.

बंदी उठली. काल डॉक्टरांनी तपासलं, जखम भरली म्हणाले, आणि बोलून दाखवायला सांगितलं. मी म्हटलं, काय बोलू? तर ते झालंच.

आज परीक्षेला सुट्टी होती. दुपारी खोलीत एकटीच तानपुरा घेऊन बसले. बेबीनंदा आणि धर्मराज सर दाराबाहेर चपलांपाशी उभे होते, मला कळू नये म्हणून अगदी गप्प.

आवाज आहे, दादा. पण तो माझा नाही. जाड आहे, खोल आहे. वरचा सा लावायला गेले तर तिथं काहीच नाही, नुसता वारा. पुन्हा लावला, पुन्हा वारा. डॉक्टरांनी काल सांगितलंच होतं, तो आता यायचा नाही. मग तारा उतरवल्या, पुरुष गवई लावतात तितक्या खाली, आणि सा लावला. लागला. खाली जात गेले. तिथं असे स्वर होते, जे मला कधी मिळालेच नव्हते. पण खोली कोणा परक्या माणसाची असावी आणि आपण विचारल्याशिवाय आत शिरावं, तसं वाटत होतं.

बाहेर आले तर बेबीनंदा म्हणाली, तिला आधी वाटलं की धर्मराज सरच गात आहेत. सर तिच्या शेजारीच उभे होते. मला हसू आलं. हसूही त्याच आवाजात आलं.

पोरींना यातून शिकवता येईल, असं वाटतं. त्यांना वर जायचं असेल तर त्यांच्या त्या जातील.

रविवारी सकाळी राजूरला लालचंद शेठच्या दुकानात फोन करते. तुम्ही तिथं या. आवाज ऐकून घाबरू नका.

तुमची माया हवी आहे, नेहमीपेक्षा थोडी जास्त.

कौसल्या

---

राजूर,
२५ एप्रिल, रविवार

चि. कौसल्या,

आशीर्वाद मागून लिहितो, आधी हे ऐक.

मी सकाळपासून लालचंद शेठच्या दुकानात बसून होतो. अंगात नवा सदरा. फोन आला, मीच उचलला. तिकडून एक माणूस बोलला, दादा म्हणाला. मी म्हणलं, साहेब, चुकीचा नंबर लागला, जल्दी ठेवा, माझ्या बहिणीचा फोन यायचा आहे. आणि ठेवून दिला.

तुझं पत्र वाचलं होतं. आवाज जाड झाला म्हणजे सर्दी झाल्यावाणी असेल, असं धरून बसलो होतो. नंतर तुझी वाट बघत दुपारपर्यंत तिथंच बसलो. दोनदा शेठला म्हणलं, लाईन बंद तर न्हाई ना. शेठनं शेवटी दुकान बंद केलं. घरी येऊन ताटावर बसलो. तुझ्या वहिनीनं विचारलं, काय म्हणाली? मी म्हणलं, तिचा आलाच न्हाई, एका माणसाचा आल्ता, दादा म्हणत होता. तिनं पोळी हातातच धरली आणि माझ्याकडं बघत राह्यली. तवा कुठं मला कळलं.

तुझ्या फोनसाठी मी तुझाच फोन ठेवला.

तू पुन्हा फोन केला न्हाईस. कसा करशील? पळत गेलो, पण दुकान बंद, शेठ जालन्याला गेलेले. तुला उलटा फोन करायलाबी दुसरी जागा न्हाई. म्हणून हे लिहितो आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं मंठ्याला येऊन राह्यलो. वहिनीबी येती. तू बोल, गा, शिव्या दे, त्या आवाजात जे येईल ते. मी समोर बसून ऐकतो. ओळख पटेपर्यंत उठणार न्हाई.

मी आधी पोचेन, पत्र मागून येईल. आलं की तू ते मला मोठ्यानं वाचून दाखव.

तुझा,
दादा